कोर्सवर्क संपल्यावर: गणितातल्या पीएच.डी.साठी कामाची पद्धत

गणितातल्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष तसं ओळखीचं असतं. वर्ग, असाइनमेंट, परीक्षा. एम.एस्सी. करून नेट काढलेल्याला ही चाकोरी पाठ असते. खरी अडचण कोर्सवर्क संपल्यावर सुरू होते. वेळापत्रक नाही, सिलॅबस नाही. गाइडने एक पेपर हातात दिलेला असतो आणि 'वाचून या' एवढंच सांगितलेलं असतं. मुंबईत कलिन्याचं विद्यापीठ, पवईचं आयआयटी, कुलाब्याचं टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च), माटुंगा, कुठेही असा, बरेच जण याच टप्प्यावर सहा-आठ महिने अडकून पडतात. त्याला हुशारी कमी पडते असं नाही. रोज केलेलं काम कागदावर उतरलेलं नसतं, म्हणून काल कुठे होतो हे आज सापडत नाही. पुढे जे काही सांगितलंय ते या एका गोष्टीभोवती आहे: दर आठवड्याला लिहिलेलं काहीतरी गाइडच्या टेबलावर गेलं पाहिजे, भले ते अर्धं पान असो.

पेपर वाचायचा कसा

पहिल्या तासात प्रूफला हात लावू नका. अॅबस्ट्रॅक्ट, प्रस्तावना, मुख्य प्रमेय आणि संदर्भसूची एवढंच वाचा. दुसऱ्या सेक्शनपासून, म्हणजे 'प्रिलिमिनरीज'पासून, ओळीने वाचत सुटणारे मुख्य प्रमेयापर्यंत पोचतच नाहीत, कारण तिथली निम्मी सामग्री तज्ज्ञ वाचकाला आठवण करून देण्यापुरती असते.

मग पेपरची पूर्वपीठिका काढा. त्यासाठी गणिताच्या पेपरांची नोंद आणि रिव्ह्यू ठेवणारे दोन डेटाबेस आहेत. झेडबीमॅथ २०२१ पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे, घरूनही चालतं. मॅथसायनेट संस्थेच्या नेटवर्कवर मिळतं. तिथे त्या पेपरचा रिव्ह्यू वाचा आणि त्याला नंतर कोणी कोणी साइट केलंय ते बघा. याचे दोन फायदे. एक, पाच वर्षांनी कुणीतरी तेच प्रूफ चार पानांत केलेलं सापडू शकतं. दोन, चूक दुरुस्त करणारा इरेटम किंवा कॉरिजेंडम असेल तर तो आधीच कळतो. चुकीच्या लेमाशी (लेमा म्हणजे मुख्य प्रमेयासाठी लागणारं साहाय्यक विधान) महिनाभर झुंजणं यातून वाचतं. आर्काइव्हवरची (छापून येण्याआधीचे पेपर जिथे मोफत ठेवतात ते संकेतस्थळ) प्रत आणि जर्नलमधली प्रत यांत प्रमेयांचे क्रमांक बदलतात, कधी अटीही बदलतात. कुठली प्रत वाचताय ते पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आता मुख्य प्रमेय स्वतःच्या शब्दांत एका कोऱ्या पानावर लिहा आणि प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर घ्या. समोर रिकामी जागा सोडा: ही अट प्रूफमध्ये नेमकी कुठे लागली? वाचता वाचता ती जागा भरत जायची. शेवटी एखाद्या अटीसमोर काहीच लिहिलं गेलं नाही, तर तुम्ही काहीतरी निसटू दिलंय किंवा ती अट खरंच अनावश्यक आहे. दुसरी शक्यता खरी निघाली तर तो तुमचा पहिला प्रश्न.

हे कसं करायचं ते सगळ्यांच्या ओळखीच्या नाकायामाच्या लेमावर बघू. रिंग लोकल आहे, तिचं मॅक्झिमल आयडियल 'अ', आणि 'म' हे फायनाइटली जनरेटेड मोड्यूल. अम = म असेल तर म शून्य. अटी दोन: रिंग लोकल असणं, मोड्यूल फायनाइटली जनरेटेड असणं.

दुसरी अट काढून बघा. ज्या अपूर्णांकांच्या छेदाला ५ ने भाग जात नाही त्यांची रिंग घ्या. ती लोकल आहे आणि तिचं मॅक्झिमल आयडियल ५ ने तयार होतं. मोड्यूल म्हणून सगळ्या परिमेय संख्या घ्या. कुठलीही परिमेय संख्या म्हणजे ५ गुणिले तिचाच पाचवा भाग, तेव्हा अम = म झालं; पण म शून्य नाही. आता पहिली अट काढा. रिंग पूर्णांकांची, आयडियल २ चं, मोड्यूल मॉड्युलो ३ चं. २ ने गुणलं की १ चा २ होतो आणि २ चा १. मोड्यूल आहे तेवढंच राहतं, शून्य होत नाही.

दोन्ही उदाहरणं हातात घेऊन मग प्रूफ उघडा. तिथे कमीत कमी जनरेटर घेतलेत आणि शेवटचा जनरेटर बाकीच्यांत मांडण्यासाठी (१ − क) ने भागलंय. क हा 'अ'मधला. 'कमीत कमी जनरेटर' म्हणताक्षणी दुसरी अट लागली. (१ − क) ने भागता येतं म्हणताक्षणी पहिली लागली. मॉड्युलो ३ च्या उदाहरणात क = ४ घेता येतो; १ − ४ = −३, आणि पूर्णांकांत −३ ला व्यस्त नाही. प्रूफ नेमकं त्या ओळीवर मोडतं. एवढं झालं की ते लेमा पुन्हा पाठ करावं लागत नाही. पेपरातल्या प्रत्येक महत्त्वाच्या लेमाला हीच वागणूक द्या. किरकोळ लेमांना देऊ नका, नाहीतर वीस पानांचा पेपर वर्षभर पुरेल.

एखादी ओळ कळत नसेल तर किती थांबायचं? दोन बैठका, साधारण तीन तास पुरेत. त्यानंतर समासात लाल खूण करा, ती ओळ खरी धरा आणि पुढे जा. 'हे उघड आहे' असं लिहिलेल्या जागी अडणं लाजिरवाणं नाही. लेखकाला ते उघड होतं, कारण त्या विषयात त्याची वर्षं गेली होती.

कच्ची वही, पक्की वही

कच्ची वही म्हणजे खरोखरची वही. रोजची तारीख, पानं फाडायची नाहीत, खोडलेलंही वाचता यावं इतपत एकच रेघ मारून खोडायचं. पक्की वही म्हणजे लेटेकची (गणित टाइप करायच्या सॉफ्टवेअरची) एक फाइल, जिच्यात शुक्रवारी आठवड्याचं काम उतरवायचं. त्या फाइलमध्ये प्रत्येक विधानापुढे एक शेरा हवाच: 'सिद्ध', 'तपासायचं' किंवा 'खोटं'. खोट्या ठरलेल्या विधानाखाली ते का खोटं आहे हे तीन ओळींत लिहा. हे टाळू नका. तीच कल्पना तीन महिन्यांनी नवी म्हणून परत सुचते, आणि नोंद नसेल तर पुन्हा आठवडा खाते.

गाइडबरोबरच्या मीटिंगसाठी एक पान पुरतं. काय केलं, कुठे अडलं, पुढे काय करणार. ते आदल्या संध्याकाळी मेल करा म्हणजे सर किंवा मॅडमना बघायला वेळ मिळतो. अडलेली जागा नेमकी सांगा. 'सर, चौथा सेक्शन समजला नाही' यावर कुणी काय उत्तर देणार? 'पान १४, ओळ ६, हा मॅप सर्जेक्टिव्ह का आहे? एका मितीत तपासलं, तिथे ठीक आहे. दोन मितींत कोकर्नल शून्य येत नाहीये' असं विचारलंत तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं, किंवा सरही थबकतात, आणि ते थबकणं तुमच्या कामासाठी मोलाचं असतं. काहीच झालं नसेल त्या आठवड्यातही मीटिंग रद्द करू नका. दोन मीटिंग चुकल्या की तिसरीला जायचा संकोच वाटतो, आणि महिने निघून जातात.

मीटिंगनंतर फळ्याचा फोटो जरूर काढा, पण त्यावर विसंबू नका. फळ्यावर बाण आणि अक्षरं राहतात. मधे बोललेली 'इथे कॉम्पॅक्ट असेल तर' ही अट फोटोत येत नाही. त्याच संध्याकाळी, घरी पोचल्या पोचल्या, चर्चा लिहून काढा.

उदाहरणं तपासताना

सेज, पारी, गॅप ही मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्या. दोन शनिवार दिलेत तर कामापुरती येतात. पण कुठपर्यंत तपासायचं याचा विचार आधी करा. सायक्लोटॉमिक पॉलिनोमियलचे सहगुणक काढून बघितले तर पहिल्या १०४ पॉलिनोमियलमध्ये फक्त ०, १ आणि −१ दिसतात. शंभरपर्यंत तपासून कुणी 'नेहमी असंच' असं ठरवलं तर १०५ व्या पॉलिनोमियलमध्ये −२ समोर येतो. १०५ = ३ × ५ × ७, म्हणजे तीन वेगळे विषम मूळ अवयव असलेली सर्वांत लहान संख्या. दोन विषम अवयवांपर्यंत हे घडूच शकत नाही. तेव्हा 'पहिले शंभर' हा निकष कुचकामी आहे. रचना कुठे बदलते ते शोधा: तिसरा मूळ अवयव, कॅरॅक्टरिस्टिक २, अनंत मिती, नॉन-अबेलियन गट. तिथली दोन उदाहरणं सुरुवातीच्या दोनशे उदाहरणांपेक्षा जास्त सांगतात.

मुंबईतला दिवस

आर्काइव्हची नवी यादी अमेरिकेतल्या पूर्वेच्या वेळेनुसार रात्री आठला लागते. आपल्याकडे ती सोमवार ते शुक्रवार पहाटे येते: तिकडे उन्हाळी वेळ असताना, म्हणजे मार्च ते नोव्हेंबर, साडेपाचला, एरवी साडेसहाला. मंगळवारची यादी सर्वांत लांब असते, कारण शनिवार-रविवारचं सगळं त्यात येतं. आपल्या विषयाच्या एक-दोन यादींची शीर्षकं आणि लागतील तेवढे अॅबस्ट्रॅक्ट, पंधरा मिनिटांत आटपा. ही गोष्ट गर्दीतही उभ्याने फोनवर होते.

नवा पेपर मात्र लोकलमध्ये वाचायला जाऊ नका. चौथ्या सीटवर अर्धं टेकून प्रूफ डोक्यात शिरत नाही, आणि वाचल्याचं खोटं समाधान मिळतं. प्रवासासाठी एका कार्डावर एकच विधान लिहून खिशात ठेवा. डोळे मिटून त्याचं प्रूफ आठवायचा प्रयत्न करा, अडलात तर कार्ड उलटून बघा. कल्याण-डोंबिवलीहून पवईला येणाऱ्यांना कांजूरमार्गला उतरावं लागतं आणि तिथे फास्ट थांबत नाही. कलिन्याला जाणाऱ्यांना कुर्ल्याला फास्ट मिळते. रोजचे असे तीन तास प्रवासात जाणार असतील तर संस्थेत पोचल्यावरचे पहिले दोन तास मेल, फॉर्म, चहा यांत घालवू नका. सलग दोन तासांचे दोन तुकडे दिवसात निघाले तर संशोधनाला पुरतात. होस्टेल मिळत असेल तर घ्या.

पावसाळ्यात लागणारे पेपर आणि पक्क्या वहीची ताजी प्रत लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा. गाड्या बंद पडल्या की घरून संस्थेचं नेटवर्क मिळेलच असं नाही. सरकारी संस्थांमध्ये जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली बरीच जर्नल्स खुली झाली आहेत. घरून लॉगिन कसं करायचं ते ग्रंथपालांना एकदा विचारून घ्या.

सेमिनार

मुंबईत गणिताचे दोन मोठे अड्डे, पवईचं आयआयटी आणि कुलाब्याचं टीआयएफआर, शहराच्या दोन टोकांना आहेत. दोन्हींच्या संकेतस्थळांवर व्याख्यानांची यादी असते. डिसेंबर-जानेवारीत परदेशातले लोक सुट्टीत येतात तेव्हा व्याख्यानांची रेलचेल असते; ते आठवडे मोकळे ठेवा. टीआयएफआरला जायचं तर चर्चगेट किंवा सीएसएमटीहून नेव्हीनगरची बस. फोटो ओळखपत्र जवळ ठेवा आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रवेशासाठी काय लागतं ते आयोजकांना आधी मेल करून विचारा. एका व्याख्यानासाठी अख्खा दिवस जातो, म्हणून त्याच दिवशी तिथल्या कुणाला तरी भेटायची वेळही मागून घ्या.

व्याख्यान समजलं नाही तरी टिपणं काढा. पहिल्या वीस मिनिटांतल्या व्याख्या आणि उदाहरणं नीट उतरवलीत तरी खूप झालं. टीआयएफआरमध्ये १९५०च्या दशकात, तिथला गणित विभाग उभारणाऱ्या के. चंद्रशेखरन यांच्या काळात, लॉरां श्वार्त्झ, कार्ल लुडविग सीगल यांच्यासारखे गणिती येऊन व्याख्यानं देत आणि तिथले तरुण ती लिहून काढत. त्या व्याख्यानांच्या पुस्तिका आज मोफत वाचायला मिळतात, आणि त्यांतल्या कित्येक अजूनही विषय शिकायला उत्तम आहेत. दुसऱ्याचं गणित स्वच्छ लिहून काढणं हे त्या मंडळींचं शिक्षणच होतं.

स्वतः बोलायची वेळ आली की फळे मोजा. स्पष्ट अक्षरात एक फळा भरायला सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे तासाभरात फार तर सात-आठ फळे. टिपणं बारा फळ्यांची असतील तर घरीच कापा. व्याख्यान चालू असताना कापायला गेलात तर नेमकं मुख्य प्रमेय कापलं जातं. मुख्य प्रमेय पहिल्या फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. एक उदाहरण पूर्ण करा, एकच प्रूफ पूर्ण करा, बाकीची फक्त विधानं सांगा.

मूळ विषयच कच्चा असेल तर नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या फाउंडेशन स्कूलला अर्ज करा. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांचा हा संयुक्त उपक्रम. बीजगणित, विश्लेषण, टोपोलॉजी यांची शिबिरं देशभर भरतात. तिथली ट्यूटोरियल्स जास्त कामाची. फळ्यासमोर उभं राहून गणित सोडवायची सवय तिथे लागते.

कागदपत्रं

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सेमिस्टरला प्रगती मांडावी लागते. पक्की वही नीट असेल तर तो अहवाल एका दुपारी होतो. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (तिचाच वरचा टप्पा) झाल्यावर ४२,०००. होस्टेल नसेल तर घरभाडेभत्ता वेगळा. एसआरएफसाठी मूल्यमापन लागतं, त्याची फाइल दोन वर्षं पूर्ण व्हायच्या दोन महिने आधी हलवा. पैसे उशिरा येणं सर्रास घडतं. मुंबईत भाड्याने राहणाऱ्याने तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावाच.

प्रबंधातल्या साम्याबद्दल यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय, आणि प्रमाणित चिन्हं, समीकरणं, संदर्भसूची मोजायची नाही असंही म्हटलंय. गणिताच्या विद्यार्थ्याची अडचण निराळीच. सॉफ्टवेअर त्याच्याच आर्काइव्हवरच्या पेपरशी साम्य दाखवतं आणि आकडा एकदम चढतो. आपल्या पेपरांची यादी आणि गाइडचं पत्र ग्रंथालयाला आधीच द्या, म्हणजे ते पेपर वगळून तपासणी करतील.

पेपर लिहिणं आणि पाठवणं

पहिला मसुदा तयार झाला की तो आठवडाभर बाजूला ठेवा. मग चुका जिथे लपतात त्या जागा आधी तपासा: 'व्यापकता न गमावता', 'याचप्रमाणे', लिमिट आणि बेरीज यांची अदलाबदल, आणि दुसऱ्याचं प्रमेय वापरलेली प्रत्येक जागा. शेवटची सर्वांत धोक्याची. मूळ प्रमेय कॅरॅक्टरिस्टिक शून्यात किंवा अल्जिब्राइकली क्लोज्ड फील्डवर सिद्ध केलेलं असतं आणि आपण ते सरसकट वापरतो. मूळ पान उघडून अटी पडताळा. तिसऱ्याच पेपरात दिलेल्या उताऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लेटेकमध्ये प्रमेयांचे क्रमांक हाताने लिहू नका, लेबल द्या. एक लेमा मधे घुसलं की हाताने लिहिलेले सगळे संदर्भ चुकतात. आर्काइव्हला लेटेकची मूळ फाइल द्यावी लागते आणि ती कुणालाही उतरवून घेता येते. फाइलमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा, 'हे प्रूफ सरांना पटलं नाही' वगैरे, पाठवण्याआधी काढून टाका. एकदा जाहीर झालेली आवृत्ती पुसता येत नाही, नवी आली तरी जुनी तिथेच राहते. पहिल्यांदा पाठवताना एंडोर्समेंट, म्हणजे तिथे आधी पेपर टाकलेल्या कुणाची तरी शिफारस, मागितलं जाऊ शकतं. गाइडना आधी सांगून ठेवा.

पेपर घालायच्या बेतात असताना यादीत तसाच निकाल दुसऱ्या कुणाचा दिसला, तर तो पूर्ण वाचा. अटी सहसा तंतोतंत जुळत नाहीत. स्वतंत्रपणे केलेलं काम असेल तर त्यांच्या पेपरचा स्पष्ट उल्लेख करून, फरक दोन वाक्यांत सांगून, आपला पेपर लगेच आर्काइव्हवर टाका आणि त्यांना साधा मेल करा. गणितात याला कुणी गैर मानत नाही. गप्प बसून सहा महिन्यांनी टाकलात तर मानतात.

जर्नल निवडताना आपल्याच संदर्भसूचीकडे बघा: ज्या जर्नलमधले पेपर आपण जास्त वापरलेत तिथले संपादक विषय जाणतात. संपादक मंडळात आपल्या शाखेचं कुणी आहे का, मॅथसायनेट किंवा झेडबीमॅथ त्या जर्नलचे रिव्ह्यू घेतात का, हे तपासा. दोन आठवड्यांत स्वीकारू आणि त्यासाठी पैसे भरा, असं सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. गणिताच्या पेपरचा रेफरी, म्हणजे जर्नलसाठी तो तपासणारा तज्ज्ञ, दोन आठवड्यांत प्रूफ वाचून काढत नाही. एका वेळी एकच जर्नल. निकालाला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, म्हणून पहिला पेपर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत रवाना झालेला बरा. सहा महिने काहीच कळलं नाही तर संपादकांना दोन ओळींची नम्र विचारणा करायला हरकत नाही.

रेफरीचा अहवाल आला की त्याच दिवशी उत्तर लिहू नका. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून खाली आपण काय बदललं आणि कुठल्या पानावर, ते लिहा. रेफरीचा गैरसमज झाला असेल तरी तो कुठल्या वाक्यामुळे झाला ते शोधून ते वाक्य बदला, कारण पुढचा वाचकही तिथेच अडखळणार आहे. पेपर परत आला तर अहवालातल्या दुरुस्त्या करूनच दुसऱ्या जर्नलकडे पाठवा. विषय छोटा असतो, तोच पेपर पुन्हा त्याच रेफरीकडे जाऊ शकतो.